टांझानियात दात काढायला जाताय? आधी तिथल्या थेरपिस्टला गाठा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बीडीएस, दोन वर्षांपासून इस्लामपूरला प्रॅक्टिस करतोय. टांझानियात अरुशाजवळ दोन आठवडे दंत शिबिर आणि शेवटी चार दिवस सफारी, अशी एका संस्थेची जाहिरात पाहिली. विमानाचं तिकीट सोडून अडीच लाख सांगतात. पैसे साठवलेत. जावं का? सोबत काय न्यावं? माझी मावसबहीण बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिलाही तिथे दात काढायला मिळतील असं ते म्हणतात. आणि सफारी आधी करावी की नंतर?"

डॉक्टर, जावं. पण पैसे भरण्याआधी हे वाचा. सव्वीस वर्षं मी कराडला प्रॅक्टिस करतेय. उत्तर टांझानियात पाच वेळा जाऊन आले. पहिली खेप अशाच एका पॅकेजमधून केली. पुढच्या चार खेपा तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात, तिथल्या डेंटल थेरपिस्टच्या, म्हणजे दात काढणं-भरणं शिकलेल्या पण डेंटिस्ट नसलेल्या माणसाच्या, हाताखाली केल्या. 'हाताखाली' हा शब्द मी विचार करूनच लिहिलाय. का, ते एका प्रसंगातून सांगते.

पहिल्या खेपेचा चौथा दिवस. कराटूच्या बाजूला एका शाळेत शिबिर होतं. वर्गातले बाक भिंतीला सारलेले, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पेशंट, डोकं मागून धरायला एक जण. बाहेर रांग शंभराच्या वर. सहाएक वर्षांचा एक मुलगा आला. उजवा गाल सुजलेला, खालच्या दोन दाढा हलतायत. मी मनातल्या मनात निदान करून टाकलं, पू झालाय, दाढा काढू, मोकळा होईल. सिरिंज भरून हातात घेतली होती. आमच्याबरोबर सरकारी दवाखान्यातला एक थेरपिस्ट होता, त्याला आमच्या संस्थेनं भाषांतरासाठी म्हणून आणलेलं. तो पुढे आला, मुलाचा जबडा दोन्ही बाजूंनी चाचपला, मग शर्ट वर करून पोट दाबून पाहिलं आणि मला म्हणाला, "डाक्तारी, सुबिरी." डॉक्टर, थांबा.

मग आईशी बोलून त्यानं मला एकेक गोष्ट दाखवली. सूज तीन आठवड्यांत एवढी वाढलेली. दुखत फारसं नाही. ताप नाही. हलणाऱ्या दाढांना कीड नाही. वरच्या जबड्यातही डाव्या बाजूला थोडी सुरुवात. हा बर्किट लिम्फोमा होता, लहान मुलांच्या जबड्यात दिसणारा कर्करोग. डेनिस बर्किट यांनी शेजारच्या युगांडात काम करताना १९५८ साली याचं वर्णन केलं, हे आपण सगळ्यांनी ओरल पॅथॉलॉजीच्या पेपरात लिहिलंय, सूक्ष्मदर्शकाखाली चांदण्यांच्या आकाशासारखी दिसते म्हणून 'स्टारी स्काय' ही स्लाइडही ओळखलीय. मी ती परीक्षेत बरोबर ओळखली होती. मूल समोर बसल्यावर मात्र मला ते ओळखता आलं नाही, कारण कराडला मी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्या थेरपिस्टनं अनेकदा पाहिलं होतं. मुलाला मोशीच्या केसीएमसी रुग्णालयात पाठवलं. हा कर्करोग फार झपाट्यानं वाढतो, पण वेळेत पोचलं तर केमोथेरपीला चांगली दाद देतो. दोन वर्षांनी मी पुन्हा गेले तेव्हा त्याच थेरपिस्टनं मला त्या मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो मोबाइलवर दाखवला. मी दाढा काढून, अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं असतं तर महिना गेला असता. तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता.

म्हणून तुमच्या जाहिरातीबद्दल माझा पहिला प्रश्न हा की तिथला स्थानिक दंतवैद्य किंवा थेरपिस्ट कोण आहे, आणि शिबिरात शेवटचा शब्द कुणाचा? संस्थेला थेट विचारा. नाव, दवाखाना, फोन मागा आणि त्या माणसाशी स्वतः बोला. त्यानं "या, या महिन्यात मला दोन हातांची गरज आहे" म्हटलं तर जा. त्याला तुम्ही येणार हेच माहीत नसेल तर पैसे भरू नका. मग हे विचारा की आपण निघून आल्यावर दुसऱ्या दिवशी ज्याचं रक्त थांबत नाही, तो पेशंट कुठे जाईल? आमच्या पहिल्या शिबिरानं चार दिवसांत चारशेच्या आसपास दात काढले. संस्थेनं तो आकडा फलकावर लिहून आमचा फोटो काढला. त्यातल्या किती जणांना ड्राय सॉकेट झालं, म्हणजे दाताची रिकामी खाच ठणकू लागली, कुणाची मुळं राहिली, हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण पाचव्या दिवशी आमची गाडी दुसऱ्या गावी गेली होती. दात काढल्यानंतरचे पहिले तीन दिवस कुणी बघायचे, याचं उत्तर ज्या संस्थेकडे नाही, तिच्याबरोबर तुम्ही तुमचं कौशल्य नेऊ नका.

अडीच लाखांपैकी दवाखान्याला काय मिळतं, तेही विचारा. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण चांगली संस्था न चिडता सांगते. इतकं मटेरियल, थेरपिस्टचा इतका भत्ता, गाडीचं डिझेल इतकं.

आता कायद्याचं. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन पेशंटला हात लावणं चालत नाही, फुकट केलं तरीही. डॉक्टर आणि डेंटिस्ट यांची नोंदणी तिथे मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिका करते आणि बाहेरून येणाऱ्यांना तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी डिग्री, आपल्या स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट तयार ठेवा. हे कागद आपल्याकडेच जमवायला वेळ लागतो, म्हणून चारेक महिने आधी सुरुवात करा. तात्पुरत्या कामाचा इमिग्रेशन परवाना वेगळा, तो बोलावणाऱ्या दवाखान्यामार्फत होतो. "काही लागत नाही हो, आम्ही सांभाळून घेतो" असं कुणी म्हटलं तर तिथूनच मागे फिरा. तुमची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटनं दावा केला तर कामी येणारा विमा, तीही काढून वाचा. बहुतेक पॉलिसींची हद्द भारतापुरती असते.

मावसबहिणीचं मी स्पष्ट सांगते. तिला नेऊ शकता, पण फोर्सेप्स, म्हणजे दात काढायचा चिमटा, तिच्या हातात द्यायचा नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला आपल्याकडे एकटीनं दात काढू देतात का? नाही ना? मग तिथल्या आईच्या लेकराचा जबडा शिकण्यासाठी मोकळा आहे असं समजायचा अधिकार कुणालाच नाही. शिक्षण अर्धवट असलेल्यांना "तिथे भरपूर हात साफ होईल" असं सांगून नेणाऱ्या जाहिराती पाहिल्या की माझा संताप होतो. गरीब माणसाच्या वेदनेवर हात साफ करायचा नसतो. ती नोंदी ठेवू शकते, अवजारं धुऊन ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, लावू शकते, मुलांना ब्रश कसा धरायचा ते शिकवू शकते, घाबरलेल्या आजीचा हात धरून बसू शकते. ही कामं कमी नाहीत. शिबिराची लय ऑटोक्लेव्हवर चालते. ते यंत्र ज्याच्या हातात आहे तो माणूस ढिला असेल तर सगळं शिबिर धोकादायक होतं.

तिथे काय दिसेल ते आता सांगते, कारण पुस्तकात हे दोन ओळींत आटोपतं.

किलिमांजारो विमानतळावरून अरुशाकडे निघालात की वाटेत एक गाव लागतं, माजी या चाय. अर्थ 'चहाचं पाणी'. मेरू पर्वत ज्वालामुखीचा, त्याच्या उतारावरून येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड प्रचंड. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, आणि या पट्ट्यातल्या काही झऱ्यांत ते त्याच्या कित्येक पट. त्यामुळे शाळेत पोरं हसली की तपकिरी, खडबडीत, कडा तुटलेले दात दिसतात. आपण पाहताक्षणी म्हणतो, अरे, ब्रश करत नाहीत वाटतं. तसं नसतं. कितीतरी मुलं आपल्या मुलांपेक्षा नियमित दात घासतात. दात जबड्यात घडत असताना, म्हणजे आठ वर्षांच्या आत, पोटात गेलेल्या पाण्यानं ते तसे झालेत. घासून ते जाणार नाहीत. एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली आणि तोंड उघडण्याआधी ओढणीसारखं कापड तिनं ओठांवर धरलं. तिचा एकही दात किडलेला नव्हता. ती दोन तास चालत आली होती, दात पांढरे करता येतात का एवढंच विचारायला. माझ्या बॅगेत शंभर दात काढण्याचं सामान होतं, पण पुढच्या चार दातांवर लावायला कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, नव्हतं. तेव्हापासून मी कंपोझिटचा छोटा किट आणि बॅटरीचा क्युरिंग लाइट नेतेच. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडनं बिघडलेल्या, इनॅमलवर एचिंगला (आम्लानं पृष्ठभाग खडबडीत करायला) जरा जास्त वेळ लागतो, बाँड आपल्या नेहमीच्या पेशंटइतका टिकत नाही, हे त्या मुलीला आधीच सांगायचं आणि मगच लावायचं.

पाण्याबरोबर स्वयंपाकातही एक चोर आहे. मका आणि घेवडा एकत्र शिजवून 'माकांदे' करतात, आणि ते लवकर शिजावं म्हणून त्यात 'मगाडी' टाकतात. मगाडी म्हणजे सरोवराकाठी मिळणारा खार. आपण कडधान्यात चिमूटभर सोडा टाकतो, पापडात पापडखार घालतो, तसंच. या मगाडीतही फ्लोराइड असतं. तिथल्या नर्सनं मला हे सांगेपर्यंत मी आयांना फक्त पाण्याबद्दल बोलत होते.

याचा आपल्याशी संबंध जवळचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात हेच दात दिसतात. तुरटी आणि चुना टाकून पाण्यातलं फ्लोराइड कमी करायची 'नालगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवली, आणि तीच पुढे दोन बादल्यांच्या रूपात अरुशाजवळच्या न्गुर्दोतो संशोधन केंद्रातून टांझानियातल्या घरांत वापरून पाहिली गेली. तिथे हाडांच्या कोळशाचे फिल्टरही वापरतात. नागपूरचं काम इतक्या लांब पोचलेलं पाहून मला फार बरं वाटलं होतं. तुम्ही जाल तेव्हा पेस्टची मोठी खोकी देणगी म्हणून नेण्याआधी विचार करा. फ्लोराइड पेस्ट कीड रोखायला तिथेही हवीच, कारण डागाळलेला दातही किडतो. पण लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, आणि गिळायची नाही, हे शिकवायला कुणीतरी असेल तरच. फ्लोराइडच्या गोळ्या तर अजिबात नेऊ नका.

दुसरी गोष्ट ऐकायला कठीण आहे. दोन-तीन वर्षांचं मूल तपासताना खालचे सुळे दोन्ही बाजूंना नाहीत असं दिसेल. तुम्हाला वाटेल, जन्मतःच नसतील. आईला हळू आवाजात विचारा, "मेनो या प्लास्टिकी?" म्हणजे 'प्लास्टिकचे दात'. तान्ह्या बाळाला जुलाब-ताप झाला की हिरडीतून सुळ्याचा पांढुरका उंचवटा दिसतो, तोच आजाराचं कारण समजून काही भागांत वैदू तो कोंब टोकदार सळईनं उकरून काढतात. त्यात जंतुसंसर्ग होतो, रक्त जातं, खालचा कायमचा सुळाही वेडावाकडा येतो किंवा येतच नाही, आणि मूळ आजार असलेल्या जुलाबावर उपचार राहून जातात. त्या आईला रागावू नका. ती लेकराला वाचवायलाच गेली होती. आपल्याकडेही बाळाचे दात येताना जुलाब होतात असं आज्या अजून म्हणतातच, आणि पोटावर डागलेली बाळं मेळघाटातल्या डॉक्टरांनी आजही पाहिलेली आहेत. मी एवढंच म्हणते की जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी आणि दवाखाना. हे तिथल्या नर्सच्या तोंडून गेलं तर आई ऐकते. माझ्या तोंडून गेलं तर नुसती मान हलवते.

मासाई माणसाचे खालचे मधले दोन पटाशीचे दात नसले तर तो मात्र वेगळा विषय. ती त्यांची जुनी चाल आहे. धनुर्वातात दातखीळ बसली तर त्या फटीतून दूध पाजता यावं, असं कारण सांगतात. तिथे कृत्रिम दाताचा आग्रह धरू नका.

हलणारे दात आणि सूज दिसली की बर्किट आठवा, हे सांगितलंच. तसंच कुपोषित, नुकताच गोवर होऊन गेलेल्या लहान मुलाच्या हिरडीवर करडा-काळा डाग आणि भयंकर दुर्गंधी आली तर तो नोमा, म्हणजे तोंड-गाल कुजवणारा आजार, असू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. सुरुवातीला साध्या अँटिबायोटिकनं, जखम स्वच्छ ठेवून आणि पोषणानं थांबतो. चार-पाच दिवस उशीर झाला तर गालाला भोक पडतं. त्या मुलाला उद्याची तारीख देऊ नका, आजच गाडीत घाला.

आता काम आणि सामान. दात काढणं लागेलच, पण जिथे दात वाचतो तिथे एआरटी करा, म्हणजे ड्रिल न वापरता नुसत्या हाताच्या अवजारांनी दात भरणं. आपल्या कॉलेजात ही पद्धत एका लेक्चरमध्ये उरकतात. वीज नाही, हँडपीस नाही, फक्त स्पून एक्स्कॅव्हेटर आणि हॅचेटनं मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट बोटानं दाबून भरायचं. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियातच आकाराला आली, आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती उचलून धरली. म्हणजे तुम्ही शिकवायला निघालायत ती गोष्ट ज्या मातीत जन्मली तिथेच निघालायत. तिथल्या थेरपिस्टचा हात यात आपल्यापेक्षा चांगला चालतो. पहिले दोन दिवस मी त्याच्या शेजारी उभी राहून नुसतं पाहिलं. तो तोंडाकडे न बघता सिमेंट ढवळायचा, अंगठ्याला व्हॅसलीन लावून दाढेवर दाब द्यायचा आणि तेवढ्यात पोराला गाण्यात गुंतवायचा. उन्हात सिमेंट भराभर घट्ट होतं हे लक्षात ठेवा. काचेची स्लॅब सावलीत ओल्या फडक्यावर ठेवायची आणि पावडरचं झाकण लगेच लावायचं. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडही न्या. लहान मुलांच्या किडक्या दुधाच्या दातांवर ते कीड थांबवतं. दात काळा पडतो हे आईला आधी दाखवून, विचारून मगच लावा. ग्लास आयोनोमर आणि हे, दोन्ही २०२१ पासून अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत आहेत.

अवजारं तुमची नेहमीचीच, पण दुप्पट संच. एक्स्ट्रॅक्शनचे फोर्सेप्स, लहान मुलांचे वेगळे, सरळ आणि क्रॉसबार एलिव्हेटर, डोक्याला लावायचा दिवा, त्याच्या जादा बॅटऱ्या. गॉज भरपूर, वाटतं त्याच्या तिप्पट. आपल्याकडची लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करायच्या औषधाची, ३० मिलिलिटरची व्हायल आणि साधी सिरिंज मी नेत असे, पण व्हायलला एकदा वापरलेली सुई लागली की सगळी व्हायल गेली, आणि घाईत ते होतं. त्यामुळे आता कार्ट्रिज, म्हणजे एकाच पेशंटसाठी भरलेल्या छोट्या नळ्या, नेते. मुलांचं वजन करूनच डोस ठरवा, अंदाजानं नको. पंधरा किलोच्या मुलाला मी दोन कार्ट्रिजच्या आत थांबते. औषधं देणगी म्हणून नेणार असाल तर तिथे पोचल्यावर किमान वर्षभर मुदत उरलेली हवी. मुदत संपत आलेलं सामान देणं म्हणजे त्यांच्या अंगणात कचरा टाकणं. ऑटोक्लेव्ह तिथला वापरा, पण १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं मोजा, आणि इंडिकेटर टेप तुमची न्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. सामान कापडी पिशव्यांत भरा.

सुई टोचली तर काय, हे निघण्याआधी ठरलेलं असावं. एचआयव्हीचं प्रमाण आपल्यापेक्षा तिथे जास्त आहे. पीईपीच्या, म्हणजे संसर्ग रोखायच्या, गोळ्या शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. त्या सर्वांत जवळ कुठे मिळतील, रविवारी मिळतील का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण आहेत ना, टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, तपासून घ्या. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपारम, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या प्रकारचा, म्हणून प्रतिबंधक गोळी घ्याच. डॉक्सीसायक्लीन घेतलीत तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात. अरुशा ते कराटू रस्त्यावर एक मोठं गाव आहे, म्तो वा म्बू. नावाचा अर्थच 'डासांची नदी'. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाल, तेव्हा यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. नाहीतर परत येताना मुंबईत विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत.

भाषेची भीती बाळगू नका. स्वाहिलीत औषधाला 'दावा', दुकानाला 'दुका', हिशेबाला 'हेसाबू', सरकारला 'सेरिकाली' म्हणतात. अरबी-फारसीतून आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकच शब्द आले. वयस्कर माणूस आला की 'शिकामो' म्हणा, तो 'माराहाबा' म्हणेल. हा आपला वाकून नमस्कारच. 'फुंगुआ म्दोमो' म्हणजे तोंड उघडा, 'इनाउमा?' म्हणजे दुखतंय का, आणि 'पोले' म्हणजे वाईट वाटतं, सोसा थोडं. दिवसभरात सर्वांत जास्त मी 'पोले' म्हणते. एक ठेच लागण्याआधीच सांगते. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला 'सा मोजा', म्हणजे पहिला तास. मी एका पेशंटला 'सा तातू' ला या असं सांगितलं, माझ्या मनात दुपारचे तीन. ती बाई तिच्या हिशेबानं सकाळी नऊला आली आणि माझं काम आटपेपर्यंत सहा तास सावलीत बसून राहिली. काही बोलली नाही. आपल्या चुकीची शिक्षा तिला झाली, याची बोच अजून आहे.

खाण्याचं फार अवघड नाही. भात आणि घेवडा, म्चिचा म्हणजे आपल्या माठासारखी भाजी, चपाती. शाकाहारी माणूस सहज निभावतो.

सफारी नंतर करा, आधी नको. कारण साधं आहे. शिबिर कधी एक दिवस पुढे सरकतं, कधी थेरपिस्टला तुमचा एक दिवस जास्त हवा असतो. दुसऱ्याच दिवशी सफारीचं बुकिंग नसेल तर तुम्ही थांबू शकता. म्हणून मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. आणि ती शिबिराच्या पॅकेजमध्ये घेऊ नका, वेगळी, तिथल्या टाला, म्हणजे पर्यटन व्यवसायाचा, परवाना असलेल्या ऑपरेटरकडून घ्या. पैसा तिथल्या माणसाच्या हातात जातो आणि दोन्हींचा हिशेब वेगळा राहतो. मी सफारीला जाताना मनात कसलाही अपराध ठेवत नाही. तिथल्या कितीतरी घरांची चूल पर्यटनावर पेटते. आमच्या थेरपिस्टचा भाऊच गाइड आहे.

महिना निवडताना एप्रिल-मे टाळा. तो लांब पावसाचा काळ, चिखलात शिबिराची गाडीही रुतते. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागते, तेव्हा शाळेतलं काम होणार नाही. जुलै ते सप्टेंबर कोरडं, जनावरं पाण्यावर जमतात, आणि सेरेंगेटीच्या उत्तरेला मारा नदीवर विल्डबीस्ट, म्हणजे मोठ्या हरणांचे कळप, उतरतात. पण चार दिवसांत अरुशाहून तिथपर्यंत जाऊन यायचं म्हटलं तर सगळा वेळ गाडीत. फेब्रुवारीत गेलात तर दक्षिणेला न्दुतूच्या गवतात त्यांची पिल्लं जन्मतात, आणि ते कराटूपासून जवळ पडतं. चार दिवसांत मी काय करीन? एक दिवस तारांगिरे, हत्ती आणि बाओबाबची झाडं. दोन दिवस सेरेंगेटीच्या दक्षिण-मध्य भागात. शेवटचा न्गोरोंगोरो. गाडी रस्ता सोडून जनावराच्या अंगावर नेणाऱ्या गाइडला पहिल्याच वेळी थांबवा. त्सेत्से माशा निळ्या-काळ्या रंगाला धावतात, म्हणून खाकी कपडे. पहाटे विवराच्या कडेवर, सव्वादोन हजार मीटर उंचीवर, स्वेटर लागतोच लागतो. सातारकडची माणसं आम्ही, महाबळेश्वरची थंडी ओळखीची, तरी मी पहिल्यांदा कुडकुडले होते.

न्गोरोंगोरो म्हणजे खाली कोसळलेल्या ज्वालामुखीचं विवर, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, सहाशे मीटर खोल. तळाशी दलदल आहे आणि तिथे बहुतेक एकटे, म्हातारे, मोठ्या सुळ्यांचे हत्ती दिसतात. मागच्या खेपेला गाइडनं गाडी बंद करून मला एक दाखवला. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. आपल्यासारखे खालून वर येत नाहीत, मागून पुढे सरकत येतात. सहावा संच झिजला की पुढे काही नाही, चाऱ्याच्या ढिगातही तो उपाशी मरतो. दलदलीतलं गवत मऊ, म्हणून म्हातारे नर शेवटची वर्षं इथे काढतात, असं गाइड म्हणाला. तो हत्ती गवताचा पेंढा उपटायचा, गुडघ्यावर आपटून माती झाडायचा आणि मग फार सावकाश चावायचा, एकाच बाजूनं. मी दुर्बीण लावून त्याचा जबडा पाहत राहिले. डावीकडची दाढ बहुधा गेली होती.